नानांचं पोट आणि दुपारचा पहारा

रामकृष्ण हरी, माय-बाप! बसा, बसा. ओ मागचे — खांबाला टेकून बसलेले — जरा पुढं सरका. आजची कथा खांबाला टेकलेल्या माणसाचीच आहे. नंतर म्हणाल, बुवा आमच्यावरच घसरले!

आधी एक सवाल टाकतो. माणूस सगळ्यात जास्त खोटं कुठं बोलतो? बाजारात? कोर्टात? सोयरीक जमवताना? — बोलतो, तिथंही बोलतो, पण तिथं समोरच्याला ठाऊक असतं की हा खोटं बोलतोय! मी सांगतो कुठं. दवाखान्यात! डॉक्टर विचारतो, "पोट साफ होतं का?" आणि गावभर मिशीला पीळ देत फिरणारा गडी मान खाली घालून म्हणतो — "होतं." हसताय? हसा! त्या माउल्या पदर तोंडाला लावून हसतायत, म्हणजे घरोघरी तेच आहे.

आता दुसरा सवाल. हा मात्र हसण्यावारी नेऊ नका. देवापुढं उभ्या माणसाला पेंग आली, तर दोष कुणाचा? त्याच्या भक्तीचा? वयाचा? आळसाचा? आणि तो दोष झाकायला माणूस किती खाली उतरतो? ऐका आता.

एक गाव होतं, वांजुळखिंड. नकाशात शोधू नका, सापडायचं नाही. तिथं रंगनाथ थोपटे नावाचे गृहस्थ, गाव त्यांना रंगूनाना म्हणायचं. साठीला आलेले, उंचेपुरे, आवाज असा की पलीकडच्या शिवारातली गुरं मान वर करायची! गावचा अखंड हरिनाम सप्ता नानांच्या जिवावर चालायचा. आचारी कोण, मंडप कुणाचा, बुवा कोणते आणायचे — सगळं नाना ठरवणार. आणि सप्त्यात वीणा कशी असते, तुम्हाला सांगायला नको. पहिल्या दिवशी गळ्यात पडली की काल्यापर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं, घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या. लहान-थोर बघायचं नाही, तिथं सगळे सारखे!

वीणा घेऊन उभं राहायच्या पहाऱ्यांत अवघड पहारा कुठला? पहाटेचा? अहो, पहाटे गार वारा असतो. अवघड पहारा दुपारचा — पंगत उठल्यानंतरचा! पोटात बुंदी, वरून आमटी-भात, डोक्यावर तापलेला पत्रा. तो पहारा नाना वर्षानुवर्षं स्वतः घ्यायचे. मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "दुपारची वीणा सांभाळायला छाती लागती!"

आणि या छातीपायी गेल्या वर्षी काय झालं, तेही ऐका. गेनबा ढवळे म्हणून एक तरुण गडी होता. दुधाचा टेम्पो चालवायचा. नानांनंतरच्या पाळीला वीणा गळ्यात असताना त्याला जरा डुलकी लागली. वीणा पडली नाही बरं का, नुसती मान कलली. नाना ताडकन उठले, भरल्या मंडपात त्याच्या गळ्यातून वीणा हिसकावली आणि म्हणाले, "झोपायचं आसंल तर घरी जा, आईच्या मांडीवर!" मंडप हसला. बायाबापड्या हसल्या, पोरं हसली. गेनबा मंडपाबाहेर आला. चपला घातल्या आणि गेला. त्यानंतर वर्षभर तो देवळाची पायरी चढला नाही. यंदा त्याची आई त्याच्यापुढं रडली, तेव्हा कुठं पहाऱ्याला उभा राहायला तयार झाला.

आता नानांकडं वळू. वर्षभरात नानांचं काहीतरी बिनसलं होतं. सकाळी अंथरुणातून उठायचे ते दमूनच! रात्रभर झोपलेला माणूस, आणि उठताना असं वाटायचं की कुणीतरी शेत नांगरायला लावलं होतं. जेवण झालं की डोळे मिटायचे. पोट तडस लागल्यासारखं फुगलेलं. ढेकरा अशा की मृदंगमणी, तुमच्या मृदंगाच्या डाव्या पुडीच्या घुमण्याला लाजवतील! आणि चिडचिड किती? चहात साखर कमी — ओरडा! साखर जास्त — ओरडा! सून शालन बिचारी कप घेऊन दारातच उभी राहायची, आत जाऊ की नको.

का झालं असं? घरात सुख आलं म्हणून! थांबा, सांगतो. मुलगा नोकरीला लागला, घराला फरशी बसली. नाना म्हणाले, "आता भाकरी बंद. पाव्हणं काय म्हणतील? चपाती करा, तीबी पांढऱ्याफेक पिठाची." पालेभाजी म्हणजे गरिबाचं खाणं, म्हणून तीही गेली. दारात दोन म्हशी, पण दूध सगळं डेअरीला! घरात ताकाचा थेंब नाही, लोणी नाही, फक्त चहा. सकाळी चहा आणि बटर, दुपारी चहा आणि खारी, कुणी आलं की चहा, कुणी गेलं की चहा! रानात पायी जायचे, तिथं मोटारसायकल आली. बारशाला नाना, लग्नाला नाना, मोठा माणूस म्हणून पहिल्या पंगतीचा मान. आणि "नाना, आणखी एक जिलबी, आमच्या गळ्याची आण!" आपला आग्रह म्हणजे काय — माणूस हात आडवा घालतोय आणि आपण बोटांच्या फटीतून वाढतोय! त्या पोटाला विचारलं कुणी?

पोट रुसलं. दोन-दोन दिवस परसाकडं होईना. नानांनी उपाय काय केला? बाजारातून जुलाबाची पूड आणली आणि गुपचूप घ्यायला लागले. घेतली की एक दिवस आतडी पिळून निघायची, मग पुन्हा सगळं बंद! पूड कुठं लपवलेली? देव्हाऱ्यात, अंगाऱ्याच्या डबीत! म्हणजे घरात कुणी विचारलं तर म्हणायचं, अंगारा लावतोय. अहो, देवालासुद्धा कामाला लावलं!

सप्ता तोंडावर आला आणि नाना घाबरले. अंगात त्राण नाही, दुपारचा पहारा कसा निभणार? शालनला घेऊन मोटारसायकलवर तालुक्याच्या दवाखान्यात गेले. तिथं मुजावर मॅडम नावाच्या डॉक्टरीणबाई. नाना खुर्चीत बसले आणि थेट म्हणाले, "मॅडम, एक बाटली चढवा. शक्तीची."

"सलाईन म्हणजे मीठपाणी, नाना. शक्ती बाटलीत नसते," मॅडम म्हणाल्या. "आधी मला सांगा, होतंय काय?"

"थकवा. दुसरं काय न्हाई."

"पोट साफ होतं?"

मंडळी, तो क्षण बघा! समोर लेकीच्या वयाची डॉक्टरीण. शेजारी सून, डोक्यावर पदर घेऊन उभी. दारात रांगेतली माणसं कान टवकारून. आणि नाना कोण? सप्त्याचे नाना! त्यांनी सांगायचं की माझं पोट साफ होत नाही? कानाच्या पाळ्या तापल्या त्यांच्या.

"होतं," नाना म्हणाले.

"रोज?"

"रोज. येळच्या येळी."

शालननं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. तिला ठाऊक नव्हतं का? देव्हारा रोज तीच पुसायची! पण सासऱ्यापुढं सुनेनं बोलायचं कसं, आणि तेही असल्या गोष्टीवर?

मॅडमनी रक्त तपासलं. साखर बरी निघाली, रक्त कमी निघालं. मग रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या. आता या गोळ्यांचा गुण असा, की काहींचं पोट त्यानं आणखी घट्ट होतं. मॅडम ते विचारूनच देणार होत्या, आणि म्हणून तर विचारलं होतं! पण नानांचं पोट "रोज, येळच्या येळी" साफ होत होतं ना? आजार थोडा होता, लाजेनं तो दुप्पट केला.

सप्ता बसला. चौथ्या दिवसाची दुपार आली. त्या दिवशीचं अन्नदान सरपंचांच्या घरचं, पंगतीला पुरी आणि बासुंदी. नाना नको म्हणाले नाहीत. नको म्हटलं तर सरपंचांना वाईट वाटेल! पोट आधीच नगाऱ्यासारखं, त्यावर बासुंदी. हात धुतले, वीणा गळ्यात घेतली आणि उभे राहिले.

मंडपात कोण? कुणी नाही. बाया मागं भांडी घासतायत, गडी लिंबाखाली आडवे झालेत. नाना नाम घेतायत... रामकृष्ण हरी... रामकृष्ण हरी... जीभ जड झाली. पापण्यांवर कुणी बोटं ठेवल्यासारखं वाटायला लागलं. मनात म्हणाले, जरासं टेकतो, नुसती पाठ टेकतो. टेकले खांबाला. रामकृष्ण... राम...

ठक्क!

नाना दचकून जागे झाले. वीणेचा पट्टा खांद्यावरून घसरलेला आणि वीणा खाली, दगडी फरशीवर! तारा अजून झणझणतायत. जी वीणा त्यांच्या बापानं, त्यांच्या आज्यानं कधी जमिनीला लागू दिली नाही, ती फरशीवर पडलेली! नानांनी झडप घालून उचलली. खाली हात फिरवला. वीणेच्या भोपळ्याला तडा गेला होता, बोटाला लागत होता.

आजूबाजूला बघितलं. कुणी पाहिलं नव्हतं.

कुणी नाही म्हणतो मी, आणि समोर कोण उभा होता हो? कमरेवर हात ठेवून! पण माणसाला पहिली आठवण माणसांची होते, देवाची नंतर. नानांनी पट्टा खांद्यावर चढवला, तड्याची बाजू पोटाकडं फिरवली आणि नाम सुरू केलं. मोठ्यानं. नेहमीपेक्षा मोठ्यानं!

इतक्यात पुढच्या पहाऱ्याचा गडी आला. कोण? गेनबा. आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून, वर्षानं आलेला. नानांनी वीणा त्याच्या गळ्यात घातली. मग रीत आली — पाया पडायची. नाना वाकले. पोरगं कोण, आपण कोण, आणि आपण काय केलंय, हे सगळं ठाऊक असताना वाकले. गेनबा गहिवरला हो! त्याला वाटलं, नानांनी गेल्या वर्षीचं मनातून काढून टाकलं. तोही वाकला आणि नानांच्या पायावर डोकं ठेवलं.

संध्याकाळी हरिपाठाला वीणा कर्कश वाजली. भोपळा उलटा करून बघितला, तर तडा! कुणाच्या हातात होती? गेनबाच्या. झालं! लोकांना दुसरा पुरावा कशाला पाहिजे? "ह्योच गेल्या साली पेंगत हुता!" "आळशी ते आळशीच!" कुणी म्हणालं, याला घेतलाच कशाला.

गेनबा पांढराफटक पडला. म्हणाला, "माझ्या हातनं पडली न्हाई. माउलीची शपथ." आणि नानांकडं वळला. "नाना, तुमी सांगा. तुमी दिली तवा वीणा धड हुती का न्हवती?"

सगळा मंडप नानांकडं बघायला लागला. आता बघा, एक शब्द पुरे होता! पण जी जीभ दवाखान्यात वळली, तीच इथंही वळली. लाजेला एकदा वाट करून दिली की दुसऱ्यांदा ती विचारत नाही.

"हुती," नाना म्हणाले.

गेनबानं वर्षभरात दुसऱ्यांदा चपला घातल्या.

शेजारच्या गावातून वीणा आणली, सप्ता पुढं चालू झाला. चालू झाला नाही तो नानांचा घास. ताटावर बसले की समोर गेनबाचा चेहरा यायचा. पोट दगडासारखं झालं. वळवळ नाही, भूक नाही, पायांत गोळे. दुसऱ्या दिवशी दारात चक्कर येऊन बसले, तेव्हा शालननं नवऱ्याची वाट बघितली नाही. रिक्षा बोलावली, सासऱ्याला आत घातलं आणि दवाखान्यात नेलं. पिशवीत काय घेतलं? देव्हाऱ्यातली डबी! मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मामंजी रागावतील. रागावू द्या. हे गुपचूप घेत्यात."

नानांना वाटलं, धरणी फाटावी. पण मॅडम हसल्या नाहीत. डबीचा वास घेतला, बाजूला ठेवली, दार लावून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आता सांगा, नाना. सगळं."

आणि नानांनी सांगितलं. खाली बघत, अडखळत, पण सांगितलं. पोट फुगल्याचं, अंगाऱ्याच्या डबीचं, पांढऱ्या चपातीचं, चहाचं.

मॅडम म्हणाल्या, "मला त्या दिवशी सांगितलं असतंत, तर गोळी वेगळी दिली असती. थकव्याला कारणं पुष्कळ असतात. रक्त कमी आहे, ते एक. पण तुम्ही पोटही विसरलात. आतड्यात कोट्यवधी चांगले जीव राहतात, आपल्या खाण्यातल्या चोथ्यावर जगतात. भाकरी, पालेभाजी, मटकी, ताक — हे त्यांचं खाणं. तुम्ही त्यांना उपाशी ठेवलंत आणि वरून जुलाबाचा मारा केलात. पोट बिघडलं की झोप बिघडते, भूक बिघडते, मग दिवसभर अंगात जोर कुठून राहणार? माणूस बसल्या जागी पेंगतो, कुणावरही चिडतो. आणि लोक त्याला काय म्हणतात, माहीत आहे? आळशी."

शेवटचा शब्द नानांच्या काळजात घुसला. मॅडम पुढं सांगत होत्या — पूड एकदम नाही, माझ्या सल्ल्यानं बंद करा, पाणी प्या, जेवल्यावर थोडं चाला — पण नानांच्या कानात एकच घुमत होतं. आईच्या मांडीवर झोप, असं म्हणालो होतो मी. भरल्या मंडपात म्हणालो होतो.

काल्याचा दिवस आला. मंडप गच्च. बुवांचं कीर्तन संपत आलं, दहीहंडी बांधलेली. नाना उठले. लोकांना वाटलं, आभार मानणार. नाना मधोमध उभे राहिले. तो आवाज, गुरांना मान वर करायला लावणारा — त्या दिवशी पुढच्या रांगेलाही नीट ऐकू येईना.

"वीणा मी पाडली," नाना म्हणाले. "मला झोप लागली. माझं पोट बिघडलेलं, ते मी लपवलं. वीणा पडली, तीबी लपवली. गेनबाच्या हातात फुटकी वीणा दिली आन् सगळ्यांसमोर खोटं बोललो. त्याचा काडीचाबी दोष न्हाई."

मंडळी, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं नानांना! पण बाया जमिनीकडं बघत बसल्या. गेल्या वर्षी हसले होते ना सगळे? आज कुणाच्याच ओठावर हसू नव्हतं.

गेनबा आला होता. आईला घेऊन आलेला, मंडपाबाहेर टेम्पोपाशी उभा होता. नाना गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत गेले आणि त्याच्या पायाशी वाकले. गेनबा झटक्यानं मागं सरकला.

"नगा, नाना," तो म्हणाला. "त्या दिशी वीणा देताना पडलासा की माझ्या पाया. तवा तुमाला समदं ठावं हुतं."

नाना वाकलेले तसेच राहिले. वर कसं बघायचं?

"आन् गेल्या साली," गेनबा म्हणाला, "महिनाभर माझं पोट वाहत हुतं. रस्त्यावरचं काय बी खाऊन टेम्पो हाणायचो. अंगात उभं ऱ्हायाची ताकद न्हवती, पर पाळी माझी, म्हनून उभा ऱ्हायलो. तुमी वीणा काढून घेतली, ते ठीक. पर एकानं तरी इचारायचं हुतं, नाना. एकानं तरी, की गेनबा, तुला काय हुतंय?"

हे बोलणं एकट्या नानांना नव्हतं हो. सगळ्या मंडपाला होतं, आणि मंडपाला ते कळलं.

हंडी फुटली. ज्वारीच्या लाह्या, दही, सगळा काला एक झाला. नानांनी ओंजळ भरून गेनबापुढं धरली. गेनबानं तोंड पुढं केलं नाही, नानांच्या हातून भरवून घेतलं नाही. स्वतःच्या हातानं थोडा काला उचलला, खाल्ला, आईला पुढं बसवलं आणि टेम्पो सुरू केला. तेवढंच! तेवढंही पुष्कळ होतं.

नानांच्या घरी भाकरी परत आली. थोडं दूध विरजायला राहायला लागलं, ताकाचा तांब्या रानात जायला लागला, नाना पायी जायला लागले. काही महिन्यांत अंगात जोर आला, सकाळी उठले की दिवस हवासा वाटायला लागला. पण मान वर यायला फार वेळ लागला, माय-बाप. पोटाचं औषध मॅडमकडं होतं. या दुसऱ्या दुखण्याचं औषध फक्त गेनबाकडं होतं, आणि त्यानं द्यावंच अशी सक्ती थोडीच आहे?

आता कथा संपली, आणि मी तुमच्याकडं वळलो. काय, आता खांब आठवतोय?

तुमच्या घरात कोण आहे सारखं दमणारं? बायको? भर दुपारी चुलीपुढं डोळे मिटणारी? सून? शाळेतून आलं की दप्तर फेकून आडवं होणारं पोर? कामावर पेंगतो म्हणून तुम्ही ज्याला चारचौघांत बोललात, तो गडी? त्यांना आपण काय म्हणालो? आळशी म्हणालो. अंगचोर म्हणालो. सोंग करतेय म्हणालो. कधी विचारलं का, की तुला भूक लागते का नीट? पोटात दुखतं का? ताटात तुझ्या वाट्याला भाजी उरते का? स्वतःच्या पोटाची लाज वाटते म्हणून सांगत नाही, आणि दुसऱ्याच्या पोटाची चौकशी करायला वेळ नाही — असा हा आपला संसार!

महाप्रसाद तयार आहे, वास येतोय. आज आग्रह करायचा नाही, पानावर हात आडवा आला तर वाढप्यानं पुढं जायचं! पण उठायच्या आधी एक काम. ज्याला तुम्ही आळशी म्हणालात ते माणूस इथं शेजारी बसलं असेल, नाहीतर घरी भांडी घासत असेल. शेजारी असेल तर आत्ता वळा आणि विचारा — "तुला काय होतंय?" मी थांबतो. टाळकरी, थांबा जरा, टाळ वाजवू नका. विचारा.

...

का हो? एवढी सगळी माणसं बसलीत, आणि एकाचीही मान वर होत नाही?